पान कोणाचे, कोष कोणाचा?

टसर रेशमाची चर्चा महाराष्ट्रात झालीच तर ती हातमागाच्या प्रदर्शनात होते किंवा शासकीय योजनांच्या पुस्तिकेत होते. प्रदर्शनात साडीच्या पोताची वाखाणणी होते, पुस्तिकेत अनुदानाचे कोष्टक असते. ज्या झाडाच्या पानावर हा सारा व्यवहार उभा आहे त्या झाडावर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र दोन्ही ठिकाणी विचारला जात नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्व विदर्भातील चार जिल्हे म्हणजेच राज्याचा टसर पट्टा. त्यांपैकी गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला जिल्हा. येथे धानाच्या बांध्या संपतात तेथे ऐनाचे जंगल सुरू होते, आणि त्या जंगलाच्या कडेला कोसा पिकविणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. या कुटुंबांची आर्थिक स्थिती समजून घ्यावयाची तर आरंभ बाजारापासून करून चालणार नाही; तो त्या झाडापासून आणि त्यावर जगणाऱ्या किड्यापासूनच करावा लागेल.

टसरच्या पतंगाला शास्त्रज्ञ अँथेरिया मायलिट्टा या नावाने ओळखतात. तुतीवर वाढणारा रेशीमकिडा हजारो वर्षे माणसाच्या घरात राहून इतका परावलंबी झाला आहे की त्याच्या पतंगाला धड उडताही येत नाही. टसरचा किडा अद्याप निम्मा रानातलाच आहे. तो घरात, ताटव्यावर वाढत नाही. उघड्या आकाशाखाली, जिवंत झाडावरच वाढतो. नर लहान व तांबूस तपकिरी, मादी मोठी व बहुधा पिवळसर. दोघांच्याही पंखांवर काचेच्या तुकड्यासारखे पारदर्शक ठिपके असतात. या पतंगाला अन्न घेण्याजोगे तोंडच नसते. आठवडा-दीड आठवड्याच्या आयुष्यात तो काहीही खात नाही. मादी सुमारे दोनशे अंडी घालते आणि दोघांचे जीवितकार्य संपते. आठ-दहा दिवसांत अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात, चार वेळा कात टाकतात, महिना ते दीड महिना अखंड पाने खातात आणि शेवटी फांदीला मजबूत देठाने बांधलेला टणक कोष विणून त्यात स्वतःला कोंडून घेतात. पतंग उपाशी राहतो, कोशातला किडाही उपाशी राहतो. याचा अर्थ असा की कोशातील प्रत्येक तंतू हा त्या महिना-दीड महिन्यात खाल्लेल्या पानांचेच रूपांतर असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर या धंद्याचे मूळ भांडवल म्हणजे हिरवे पान होय.

हे पान कोणत्याही झाडाचे चालत नाही. ऐन आणि अर्जुन ही टसर किड्याची मुख्य खाद्यझाडे. ऐनाला पूर्व विदर्भात येन किंवा साजा म्हणतात. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीमुळे ते दुरूनही ओळखू येते, आणि गोंड समाज साजाच्या झाडात आपल्या बडादेवाचे स्थान मानतो. साल, बोर, धावडा यांवरही हा किडा आढळतो. बस्तरच्या जंगलातील ‘रैली’ या जातीचा कोष सालवृक्षावर रानटी अवस्थेतच सापडतो. स्थान आणि झाड बदलले की कोशाचा आकार, रंग व तंतूची जाडी बदलते. अशा अनेक स्थानिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत आणि त्यांत एका जातीचे नाव ‘भंडारा’ असेच आहे. चीनमधील टसरचा किडा याच कुळातला, पण तो ओक वृक्षाची पाने खातो. सारांश, टसर रेशीम हे त्या त्या प्रदेशाच्या जंगलाशी अविभाज्यपणे बांधलेले उत्पादन आहे. तुतीचा मळा कोणीही सधन शेतकरी आपल्या शेतात लावू शकतो. ऐनाचे जंगल कोणी लावून घेत नाही, ते असावे लागते आणि त्यात प्रवेश असावा लागतो.

येथेच या धंद्याचे सामाजिक वैशिष्ट्य आहे. तुतीच्या रेशमाला जमीन, पाणी व संगोपनगृह लागते. म्हणून तो जमीनधारकाचा जोडधंदा ठरतो. टसरला स्वतःची जमीन लागत नाही. म्हणून तो भूमिहीनाचा धंदा झाला. पूर्व विदर्भात तो मुख्यतः ढिवर समाजाने जोपासला. तळ्यातील मासळी आणि जंगलातील कोसा या दोन आधारांवर या समाजाचा संसार चालत आला. मालगुजारीच्या काळात तळे व गावचे जंगल मालगुजाराच्या ताब्यात होते. १९५१ साली मालगुजारी संपली, आणि तळे व जंगल दोन्ही शासनाकडे गेले. कसणाऱ्याच्या हक्काची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. परंतु जो कसत नव्हता, तर पाण्यावर व पानावर जगत होता, त्याच्या हक्काचा विचार करण्यास कोणालाच सवड झाली नाही. मालक बदलला, इतकेच.

या कामातील श्रमांची कल्पना शहरी ग्राहकाला सहसा नसते. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत दोन ते तीन पिके घेतली जातात. नुकत्याच जन्मलेल्या अळ्या कोवळ्या पानांच्या झाडावर सोडावयाच्या, पाने संपली की फांद्यांसह त्या दुसऱ्या झाडावर न्यावयाच्या, आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राखण करावयाची. मुंग्या, गांधीलमाश्या, अळीचा रस शोषणारे ढेकूण, पक्षी आणि अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी असे अनेक शत्रू टपलेले असतात. त्यात मुसळधार पाऊस आणि रोगराई यांची भर. दोनशे अंड्यांमागे चाळीस-पन्नास कोष हाती आले तरी पीक चांगले मानतात. पहिले पीक नेमके धानाच्या रोवणीच्या दिवसांत येते. म्हणजे रोवणीची हमखास मजुरी सोडून हे कुटुंब बेभरवशाच्या पिकामागे जंगलात राहते. विम्याची पद्धत ज्या वर्गाच्या कल्पनेतही नव्हती त्याने या जोखमीवर आपल्या परीने उपाय शोधला होता : संगोपनाच्या काळात आहारविहाराचे कडक निर्बंध पाळण्याची रीत मध्य भारतातील कोसा पिकविणाऱ्या अनेक समाजांत होती. तिला अंधश्रद्धा म्हणून हसण्यापूर्वी, जोखीम सर्वस्वी एकट्याने सोसणाऱ्या उत्पादकाजवळ दुसरे कोणते संरक्षण होते, याचा विचार केला पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वन-उत्पादना’ची व्याख्या करताना जंगलात आढळणाऱ्या रेशमाचा आणि कोशांचा नावानिशी उल्लेख केला, मध व मेण यांच्या बरोबरीने. अर्थात, ऐनाचे झाड सरकारचे, त्याचे पान सरकारचे आणि त्या पानावर दुसऱ्याच्या श्रमाने तयार झालेला कोषही सरकारी नियंत्रणाखालचा, अशी व्यवस्था झाली. संगोपन करणारा हा उत्पादक न राहता परवानाधारक बनला. परवाना ही सवलत असते. ती देणारा ती काढूनही घेऊ शकतो, आणि ज्याची उपजीविका सवलतीवर अवलंबून असते तो मान वर करून बोलू शकत नाही.

या व्यवस्थेच्या मुळाशी निव्वळ नोकरशाहीचा हट्ट नाही, तर दोन अर्थव्यवस्थांचा विरोध आहे. वन खात्याला ऐनाचे झाड सरळ, उंच व जाड खोडाचे हवे असते, कारण ऐनाचे लाकूड मोलाचे इमारती लाकूड आहे. कोसा पिकविणाऱ्याला तेच झाड बुटके, छाटलेले आणि हात पोहोचेल अशा उंचीवर कोवळी पालवी देणारे हवे असते. एकाच्या हिशेबात झाड म्हणजे घनमीटर. दुसऱ्याच्या हिशेबात झाड म्हणजे दरवर्षीचे पान. घनमीटर एकदाच विकला जातो आणि त्याचे पैसे तिजोरीत किंवा ठेकेदाराकडे जातात. पान दरवर्षी येते आणि त्याचे मोल गावात राहते. स्वातंत्र्योत्तर वननीतीने निःसंशयपणे पहिला हिशेब स्वीकारला. १९७४ साली महाराष्ट्रात वन विकास महामंडळ स्थापन झाले. ‘कमी मोलाचे’ मिश्र जंगल तोडून तेथे सागवानाची लागवड करणे, हे या महामंडळाच्या कार्याचे प्रधान अंग राहिले. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाच्या अहवालाने औद्योगिक लाकडाच्या उत्पादनाला अग्रक्रम देणाऱ्या याच दृष्टीला बळ दिले. सागाच्या पानावर टसरचा किडा जगत नाही. ज्याला फडावर ‘कमी मोलाचे’ म्हटले गेले ते जंगल कोणाच्या दृष्टीने कमी मोलाचे होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

या पार्श्वभूमीवर २००६ च्या वनहक्क कायद्याचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. या कायद्याने गौण वनोपजाची जी व्याख्या केली तीत बांबू, मध, लाख व तेंदूपान यांच्याबरोबर टसर आणि कोष हे शब्द स्वच्छपणे लिहिले आहेत. आणि अशा वनोपजावर परंपरेने ते गोळा करणाऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला आहे. गमतीची गोष्ट अशी की ही व्याख्या ‘वनस्पतिजन्य’ उपजाची आहे. किड्याने विणलेल्या कोशाला कायद्याने वनस्पतिजन्य ठरविले! प्राणिशास्त्राच्या परीक्षेत हे उत्तर चुकीचे ठरेल. परंतु कोष हे पानाचेच रूपांतर आहे, हे कोसा पिकविणाऱ्याला पूर्वापार ठाऊक असलेले सत्य येथे कायद्याच्या भाषेत उतरले आहे. ज्या शब्दांनी १९२७ साली हक्क हिरावला गेला, जवळजवळ त्याच शब्दांनी २००६ साली तो परत देण्यात आला. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनी तर गौण वनोपज स्वामित्वशुल्कापासून मुक्त केला आणि वाहतुकीच्या परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या व्यवस्थेकडे सोपविला.

कागदावरचा हक्क आपोआप झाडापर्यंत पोहोचत नाही. येथे तीन अडचणी आहेत. पहिली ही की ‘गोळा करणे’ आणि ‘पिकविणे’ यांत भेद करून प्रशासन संगोपनाला अजूनही परवान्याचाच विषय मानू शकते. त्याला उत्तर त्याच कायद्यात आहे : सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळालेला आहे. ग्रामसभेच्या व्यवस्थापन आराखड्यात ऐन-अर्जुनाचे क्षेत्र टसरसाठी राखून ठेवले, छाटणीचे चक्र ठरविले, तर तो व्यवस्थापनाचा भाग ठरतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्यावर विकून दाखविला. बांबूच्या बाबतीत जे शक्य झाले ते कोशाच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. महाराष्ट्रात ढिवर समाज अनुसूचित जमातींत मोडत नाही. तो भटक्या जमातींच्या यादीत आहे. वनहक्क कायद्याखाली अशा इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांच्याकडून पाऊणशे वर्षांपूर्वीचा कागद मागणे ही क्रूर थट्टा आहे. परंतु नियमांनी पुराव्याचे प्रकार पुष्कळ विस्तृत ठेवले आहेत : गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, वन खात्याच्या नोंदी आणि गावातील वृद्धांचे जबाबही चालतात. संगोपनासाठी वन खात्याने वर्षानुवर्षे दिलेले परवाने हे तर त्या खात्याच्याच हातचे वहिवाटीचे प्रमाणपत्र आहे. जो कागद पराधीनतेची खूण होता तोच हक्काचा दस्तऐवज होऊ शकतो. शिवाय सामूहिक हक्क हा गावाचा असतो. गोंड आणि ढिवर एका ग्रामसभेत बसून एकच दावा करतील तर दोघांना वेगळे पाडण्यास जागा उरत नाही. ते एकमेकांकडे संशयाने पाहतील तर मात्र दोघांचेही जंगल तिसऱ्याच्या हाती राहील.

तिसरी अडचण जमिनीच्या वर्गवारीची. पूर्व विदर्भात गावालगत ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या विस्तीर्ण जमिनी आहेत. त्या महसूल खात्याच्या की वन खात्याच्या, हा वाद अनेक दशके चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच असल्याचा निर्णय दिला. या निर्णयाची चर्चा घरे, रस्ते व सरकारी इमारती यांच्यापुरतीच झाली. त्याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. वनहक्क कायद्यातील वनजमिनीच्या व्याख्येत अवर्गीकृत व मानीव वनेही येतात; तेव्हा झुडपी जंगल हे जंगल असेल तर त्यावर वनहक्काचा दावाही करता आला पाहिजे. गावाच्या हाकेच्या अंतरावर ऐन-अर्जुनाची टसरबाग उभी राहण्यास याहून सोयीची जमीन सापडणार नाही.

हक्क मिळाला म्हणजे सारे साधले, असे मात्र समजू नये. टसर किड्याला पेब्रिन नावाचा रोग होतो आणि तो मादीकडून अंड्यांत उतरतो. फ्रान्समधील रेशीमधंदा या रोगाने बुडू लागला तेव्हा १८६५ पासून पाच वर्षे लुई पाश्चर याने त्याचा अभ्यास केला आणि अंडी घातल्यानंतर प्रत्येक मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगट मादीची अंडी नष्ट करण्याची पद्धत घालून दिली. आजही रोगमुक्त अंडीपुंज याच पद्धतीने तयार होतात. हे काम एकेका कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. रांची येथे १९६४ पासून केंद्रीय टसर संशोधन संस्था आहे, राज्याचे रेशीम संचालनालय १९९७ पासून नागपुरात आहे. निरोगी अंडीपुंज पुरेसे आणि पहिल्या पावसाच्या आत पोहोचविणे ही या सार्वजनिक यंत्रणेची जबाबदारी आहे. तिचे यशापयश खर्ची पडलेल्या अनुदानावरून मोजता येणार नाही, झाडावर लागलेल्या कोशांवरूनच मोजावे लागेल. हक्क ग्रामसभेचा आणि बियाणे शासनाचे, ही विभागणी स्पष्ट असली पाहिजे. ‘आता हक्क तुमचाच, तेव्हा तुमचे तुम्ही पाहा’ असे म्हणून शासनाने अंग काढून घेणे म्हणजे स्वायत्ततेच्या नावाखाली केलेली उपेक्षा होय.

कोष झाडावरून उतरल्यावरही शोषणाची साखळी संपत नाही. एक किलो सूत निघण्यास हजाराहून अधिक कोष लागतात. ते क्षारात उकळून, चार-सहा कोशांचे तंतू एकत्र करून उघड्या मांडीवर पीळ देत सूत काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी केले. कातडी सोलवटणारे हे काम थांबविण्यासाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये ‘बुनियाद’ हे यंत्र पुढे आणले आणि मार्च २०२० पर्यंत मांडीवरील सूतकताई संपविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. यंत्र येणे इष्टच आहे. परंतु यंत्राची मालकी सूत काढणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेकडे जाते की सूत विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, यावर त्या यंत्राने वेदना कमी झाली की केवळ मजूर कमी झाले, हे ठरेल. पुढचा दुवा विणकराचा. भंडारा-नागपूर भागातील कोष्टी विणकरांची करवतकाठी साडी भौगोलिक निर्देशांकाने सन्मानित झाली आहे. पण चीनमधून आयात होणारे टसर सूत बाजारात आहे, आणि साडीचे नाव सुरक्षित झाल्याने ऐनावरचा कोष सुरक्षित होतोच असे नाही.

टसरसाठी छाटणी केल्याने जंगलाचा नाश होईल, असा आक्षेप घेतला जातो. ऐन व अर्जुन ही छाटल्यावर पुन्हा जोमाने फुटणारी झाडे आहेत. अतिरेकी छाटणीने त्यांचीही हानी होते, हे खरे आणि म्हणूनच छाटणीला पाळीपाळीची शिस्त हवी. परंतु ज्याचे पोट पुढील वर्षीच्या पालवीवर अवलंबून आहे तो झाड मारीत नाही. वणवा लागला तर सर्वांत आधी नुकसान होते ते त्याचेच. जंगल राखण्यात ज्याचा रोजचा स्वार्थ आहे असा राखणदार कोणत्याही पगारी यंत्रणेला परवडणार नाही. तो गावात आधीपासून आहे. त्याला अतिक्रमक म्हणणे सोडून द्यावे लागेल, एवढेच.

तरुण पिढी नागपूरची वाट धरीत आहे आणि कोसा पिकविणारे हात कमी होत आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जो धंदा परवान्याच्या मेहेरबानीवर, उशिरा येणाऱ्या बियाण्यावर आणि व्यापारी सांगेल त्या भावावर चालतो तो तरुणांनी सोडला तर दोष तरुणांचा कसा म्हणावयाचा? म्हणूनच येत्या उन्हाळ्यात, पहिल्या पिकाच्या आत, कार्यकर्त्यांनी अर्जुनी-मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी आणि सालेकसा या तालुक्यांत काही कामे नेटाने हाती घ्यावीत. ज्या गावांत कोसा पिकतो किंवा पूर्वी पिकत असे त्यांची यादी करावी. जुने परवाने व वृद्धांचे जबाब गोळा करावेत. सामूहिक दाव्यांत टसर व कोष हे शब्द स्पष्टपणे लिहवून घ्यावेत आणि ऐन-अर्जुनाची क्षेत्रे नकाशावर दाखवावीत. ज्या ग्रामसभांना हक्कपत्रे मिळाली आहेत त्यांच्या आराखड्यांत टसरचे प्रकरण घालावे. अंडीपुंज किती आले आणि कोणत्या तारखेस आले, याची नोंद गावाच्या फलकावर लागावी. कोष एकेकट्याने विकण्याऐवजी ग्रामसभेमार्फत एकत्र विकले जावेत.

ही कामे लहान आहेत, सभा गाजविणारी नाहीत. परंतु भूमिहीनाच्या हाती उत्पादनाचे साधन देण्याची भाषा करणाऱ्यांना याहून स्पष्ट कसोटी मिळणार नाही. गोंदियाच्या जंगलात ते साधन दरवर्षी पहिल्या पावसाबरोबर आपोआप फुटते. ज्याच्या श्रमाने त्याचे रेशीम होते त्याचा त्यावरील हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. तो बजावून घेणे आता ग्रामसभेच्या आणि तिच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हाती आहे.